जुनी जीप, घरचा पाना : कार्यानुभव आणि विज्ञानाचा एक पाठ



कार्यानुभव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कागदाच्या टोप्या, मातीची फळं, आकाशकंदील. हे सगळं चांगलंच आहे. पण मुलांच्या घरासमोर, वस्तीवर, बांधावर रोज जे यंत्र उभं असतं, त्याच्याकडे आपण वर्गात क्वचितच वळतो. आजचा पाठ अशाच एका यंत्रावर आहे. तो म्हणजे जुनी फोर व्हील जीप आणि तिची घरच्या घरी ठेवायची निगा.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली. हाताच्या कामातून शिक्षण हा तिचा गाभा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आणि स्थानिक कारागिरांच्या सोबत शिकण्याची कल्पना आहे. त्या दहा दिवसांतला एक दिवस गावातल्या गॅरेजला द्यायला काय हरकत आहे?

हा पाठ का घ्यावासा वाटला?

आमच्या घरी सासऱ्यांची एमएम ५४० आहे. जवळजवळ माझ्याच वयाची. आमची वस्ती मोहोळ तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. वाट सगळी काळ्या रानातून जाते. सोलापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जून-जुलैत वाट बघायला लावतो आणि सप्टेंबरात एकदम कोसळतो. तेव्हा या वाटेवर मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल दाटून चाक फिरायचं थांबतं. मागच्या पावसाळ्यात जाऊबाईंना रात्री कळा सुरू झाल्या. बाहेरची गाडी आत यायला तयार नव्हती. जीप एका सेल्फमध्ये सुरू झाली, लिव्हर पुढच्या चाकांवर टाकली आणि आम्ही डांबरीला लागलो. महिनाभर आधीच सासऱ्यांनी ग्लो प्लग तपासले होते, बॅटरीची टोकं घासली होती.

आता सासऱ्यांची नजर कमी झाली आहे. पाना हातात घेऊन तो चौदाचा आहे की सतराचा हे ते बोटांनी ओळखतात, पण ऑईलच्या काडीवरची खूण त्यांना दिसत नाही. या गाड्या कळणारे जुने मिस्त्रीही एकेक करून काम थांबवताहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठंतरी उतरवून ठेवावं आणि जमलं तर पोरांपर्यंत पोचवावं, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. रोजच्या यंत्रामागचं विज्ञान (दाब, घर्षण, उष्णता, गंज) ओळखता येणे.
२. मोजमाप व गणित प्रत्यक्ष वस्तूवर करता येणे.
३. दुरुस्तीपेक्षा आधीची निगा महत्त्वाची हे समजणे.
४. कोणतं काम घरी करायचं आणि कोणतं मिस्त्रीकडे सोपवायचं याचा विवेक येणे.

१. जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतात आणि डोंगरात कामाला आली. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रा कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. सुटे भाग बाहेरून यायचे आणि इथं जोडले जायचे. हळूहळू भागही इथंच बनू लागले. पुढे डिझेलवर चालणाऱ्या एमएम ५४० सारख्या गाड्या आल्या, २००० साली बोलेरो आली, २०१० मध्ये थार आली. म्हणजे आज शोरूममध्ये चमकणाऱ्या थारची आजी आपल्या गोठ्याशेजारी उभी आहे, असं मुलांना सांगा. लगेच कान टवकारतात.

२. 'फोर बाय फोर' म्हणजे काय?

पहिला चार म्हणजे गाडीला एकूण किती चाकं. दुसरा चार म्हणजे त्यातल्या किती चाकांना इंजिनाची ताकद मिळते. साधी जीप 'फोर बाय टू' असते. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मागची चाकं चिखलात घसरली की गाडी जागेवरच. फोर व्हीलमध्ये गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते. लिव्हर टाकला की तीच ताकद पुढच्या चाकांनाही जाते.

त्या पेटीत आणखी एक सोय असते, ती म्हणजे 'लो' गिअर. जुन्या जीपमध्ये तो वेग सुमारे अडीच पटीने कमी करतो आणि चाकावरचा जोर तेवढाच वाढवतो. गणित करून घ्या : पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी १० किमी जात असेल, तर तेवढ्याच इंजिनाच्या फेऱ्यांत लोमध्ये किती जाईल? १० भागिले २.५, म्हणजे ताशी ४ किमी. माणसाच्या चालीइतकी. वेग दिला आणि जोर घेतला. विहिरीवरचा रहाट, तरफ, सायकलचा गिअर, सगळीकडे हाच व्यवहार आहे.

चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, मग कायम चारही चाकांवर का नाही चालवत?" प्रश्न फार चांगला आहे. उत्तर मैदानावर द्या. चार मुलांना हातात हात धरून एका ओळीत उभं करा आणि कवायतीसारखं वळायला सांगा. आतला मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय हलवतो, बाहेरच्याला धावावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. वळताना प्रत्येक चाक वेगळं अंतर कापतं. डाव्या-उजव्या चाकांचा फरक डिफरन्शियल सांभाळतं. बैलगाडीत चाकं आखावर सुटी फिरतात, त्यामुळे तिला याची गरजच पडत नाही. पण जुन्या जीपमध्ये लिव्हर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं आणि ती जाऊ शकत नाहीत. चिखलात चाक थोडं घसरून ताण निघून जातो. डांबरीवर किंवा सिमेंटवर घसरायला जागा नसते. मग स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो, शाफ्टचे क्रॉस आणि गिअर झिजतात.

म्हणून नियम लक्षात ठेवा. फोर व्हील फक्त मोकळ्या माती-चिखलात. लो टाकायचा तो गाडी पूर्ण थांबवून. लिव्हर अडकला तर थोडं सरळ मागे घ्या, ताण सुटतो. आणि पावसाळ्याची वाट न बघता महिन्यातून एकदा रानात थोडं अंतर फोर व्हीलवर चालवा. नाहीतर ऐन वेळी लिव्हर गंजून बसलेला असतो.

३. इंजिनाचं नाव वाचायला शिका

आमच्या जीपमध्ये प्यूजो पद्धतीचं 'एक्सडीपी ४.९०' डिझेल इंजिन आहे. नावातच माहिती दडली आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. दट्ट्या म्हणजे पिस्टन ८३ मिलिमीटर वरखाली होतो.

वरच्या वर्गासाठी हे उदाहरण द्या. त्रिज्या ४.५ सेंमी, उंची ८.३ सेंमी. वृत्तचितीचं घनफळ ३.१४ × ४.५ × ४.५ × ८.३, म्हणजे साधारण ५२७.८ घन सेंमी. चार सिलिंडरचं मिळून सुमारे २१११. पुस्तकात २११२ सीसी लिहिलेलं असतं. एकाचा फरक का पडला? आपण पाय ३.१४ धरला म्हणून. 'सीसी' म्हणजे घन सेंटिमीटर, हे गाडीच्या जाहिरातीत रोज ऐकणाऱ्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

४. सोलापूरचे चार शत्रू

धूळ. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या वाटांवर धुळीचा लोट थांबत नाही. जुन्या जीपला बहुधा ऑईल बाथ एअर क्लीनर असतो. आत येणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. हंगामात पंधरवड्याला भांडं उघडून तळाचा गाळ बघा. गाळ दिसला की डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत नवीन इंजिन ऑईल भरा. खुणेच्या वर भरू नका, जादा तेल इंजिनात ओढलं जातं. पुसायला आपल्याकडे यंत्रमागावरचा उरलेला सुताचा गुंता सहज मिळतो. पण धागा आत राहिला नाही ना, ते बघा.

ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. पण गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी थंड होईपर्यंत झाकणाला हात नाही, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्या. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. अर्ध्या इंचाच्या आसपास दबला तर ठीक. भेगा दिसल्या तर बदला आणि एक जादा बेल्ट गाडीत ठेवा.

क्षाराचं पाणी. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मग उष्णता बाहेर जात नाही. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. वाटेत गरज पडली तर साधं पाणी चालेल, पण घरी आल्यावर बदला. बॅटरीत मात्र फक्त डिस्टिल्ड पाणीच.

काळी माती. ओली असताना चिकटते, वाळली की दगड होते. पाट्यांत, ब्रेकच्या ड्रममागे, चॅसीच्या कोपऱ्यात ती ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो. चिखलातून आल्यावर गाडी खालून धुवा, वाळू द्या आणि ग्रीस गनने ग्रीस मारा. शॅकल, शाफ्टचे क्रॉस, किंगपिन, टायरॉडची टोकं. निप्पल आधी पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शियलचं ऑईल तपासा. ते ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. लगेच बदला.

५. ब्रेक : इथं चालढकल नको

दोन सिरिंज आणि एक सलाईनची नळी घ्या. पाणी भरा, हवा काढा. एक दट्ट्या दाबला की दुसरा वर येतो. हाच पास्कलचा नियम आणि हाच तुमच्या जीपचा ब्रेक. आता नळीत मुद्दाम एक बुडबुडा सोडा. दाबलं तरी दुसरा दट्ट्या उशिरा हलतो, कारण हवा दबते. ब्रेक 'स्पंजी' लागतो म्हणजे काय, हे मुलांना भाषणाशिवाय कळतं.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. ओल असलेलं ऑईल घाटात गरम होऊन उकळतं आणि ब्रेक लागत नाही. दोन वर्षांतून एकदा सगळं बदला. टाकीतली पातळी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर कुठंतरी गळती आहे. वरून ओतत राहणं हा उपाय नाही. आणखी एक : जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडल्यावर ती भुकटी फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. त्या वेळी मुलं जवळ नकोत.

पातळी बघणं, गळती शोधणं घरी. लायनर, वॉशर किट, मास्टर सिलिंडर मिस्त्रीकडे. पोरांना बसवून नेतो त्या गाडीत यावर वाद नको.

६. घड्याळाची परीक्षा

पहिली-दुसरीत आपण घड्याळ शिकवतो. त्याचा उपयोग बघा. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, पुढचं चाक जॅकने उचलून खाली मजबूत स्टँड. टायर १२ आणि ६ वर धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन. कोणता? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. आता ९ आणि ३ वर धरून हलवा. फक्त इथंच खेळ असेल तर टायरॉडची टोकं बघा. मोठ्यांनी हलवायचं, मुलांनी लांबून वहीत लिहायचं.

७. धूर आणि ठिपका वाचा

* काळा धूर : डिझेल पूर्ण जळत नाही. आधी एअर क्लीनर बघा, मग नोझल.
* निळा धूर : इंजिन ऑईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह.
* पांढरा धूर : थंडीत सुरू करताना थोडा असतो. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत जातंय. गाडी चालवू नका.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी ठिपके बघा. काळा पातळ म्हणजे इंजिन ऑईल. घट्ट, उग्र वासाचा म्हणजे गिअर ऑईल. चाकाजवळ फिकट, पाण्यासारखा म्हणजे ब्रेक ऑईल, त्या दिवशी गाडी काढायची नाही. मुलांना हे हेरगिरीसारखं वाटतं आणि निरीक्षण आपोआप होतं.

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते आणि गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी उतरेल. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

८. वहीत चिकटवायचं वेळापत्रक

रोज : ऑईलची काडी, पाणी, ब्रेक ऑईल, पुठ्ठा.
आठवड्याला : टायरची हवा, बॅटरीची टोकं, फॅन बेल्ट.
महिन्याला : ग्रीस, थोडं अंतर फोर व्हील, हातब्रेक.
पावसाळ्याआधी : वायपर, दिवे, वायरिंग, ग्लो प्लग.
पावसाळ्यानंतर : इंजिन ऑईल व फिल्टर, गिअर व डिफरन्शियलचं ऑईल, चॅसीचा गंज घासून रंग.

किलोमीटरचा हिशेब गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवाच. पण आमच्यासारखी कमी चालणारी गाडी असेल तर वर्षातून एकदा ऑईल बदलायलाच हवं. उभ्या गाडीतलंही ऑईल जुनं होतं.

आमच्याकडे एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च. आता ती वही माझी पाचवीतली पुतणी लिहिते. सासरे सांगतात, ती लिहिते. तिचं शुद्धलेखन त्या वहीने जेवढं सुधारलं तेवढं माझ्या श्रुतलेखनाने सुधारलं नव्हतं!

९. सुरक्षा : आधी हे, मग पाना

१. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. विटा रचून त्यावर तर नाहीच, वीट फुटते.
२. बॅटरी सोडताना आधी वजा टोक, जोडताना वजा टोक शेवटी.
३. अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. पदर, ओढणी खोचून घ्या, केस बांधा. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात नाही.
४. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.
५. काढलेलं ऑईल मोरीत, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवा आणि जुनं ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आपलं पिण्याचं पाणी त्याच जमिनीतून येतं.
६. दहा वर्षांखालच्या मुलांचं काम बघणं, मोजणं, लिहिणं आणि पाना हातात देणं एवढंच.

१०. ठेवायची की भंगारात द्यायची?

हा प्रश्न आमच्या घरी दर दिवाळीला निघतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओकडे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पर्यावरण कर, पीयूसी, विमा आहेच. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवीन सुरक्षित नंबरप्लेटही लागते. हा खर्च खरा आहे आणि जुन्या डिझेल गाडीचा धूरही खरा आहे. तो लपवून मुलांना 'जुनं ते सोनं' शिकवू नये. दुसऱ्या बाजूला नवीन फोर व्हील गाडी दहा लाखांच्या पुढे आहे आणि आमच्या वाटेवर डांबर अजून आलेलं नाही.

आम्ही ठरवलेली कसोटी अशी : चॅसी शाबूत आहे का, ब्रेक-स्टिअरिंग भरवशाचे आहेत का, धूर तपासणीत गाडी पास होते का? तीनही 'हो' असतील तर ठेवायची. यातलं एक जरी 'नाही' झालं आणि दुरुस्त होण्यासारखं नसलं, तर कितीही जीव असला तरी थांबवायची. वर्गात यावर वादविवाद घ्या. मुलं दोन्ही बाजूंनी फार नेमकं बोलतात.

कृती व स्वाध्याय

१. टायरवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या (हे मोठ्यांनी), जमिनीवरचं अंतर मोजा. त्याला टायरच्या व्यासाने भागा. काय उत्तर आलं?
२. तीन खिळे घ्या. एक कोरडा, एक ओल्या काळ्या मातीत, एक ग्रीस लावून त्याच मातीत. पंधरा दिवसांनी बघा आणि कारण लिहा.
३. आपल्या गावातल्या एका मिस्त्रींची मुलाखत घ्या. ते कुणाकडे शिकले, आवाजावरून बिघाड कसा ओळखतात, हे विचारा.
४. घरातल्या कोणत्याही एका यंत्राची, मग ती सायकल असो, शिलाई मशीन असो की पाण्याची मोटर, निगा-वही सुरू करा.
५. विचार करा : आजोबांना जे हाताने येतं आणि पुस्तकात सापडत नाही, असं एक काम कोणतं? ते त्यांच्याकडून शिकून पाच वाक्यांत लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं तपासताना लाल पेन बाजूला ठेवा. माझ्या वर्गात एकाने मोट बांधायची गाठ लिहून आणली, एकीने चादरीचा तुटलेला धागा कसा सांधायचा ते. आजोबांना विचारायला मुलांकडे अजून वेळ आहे, तोवर हा तास नक्की घ्या.